उलटतपासातला एक प्रश्न

अंबाजी कोर्टात बोलायला उभा राहिला की त्याच्या गावची माणसं तोंडात बोट घालत. एरवी 'हाय', 'न्हाय', 'व्हय' करणारा गडी, पायाला खाचरातला चिखल अजून वाळलेला नाही असा, आणि कोर्टात तोंड उघडलं की कसं, 'माननीय न्यायालयाच्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो'! त्याची बायको रंगू म्हणायची, "माज्याशी बी एकदा तसं बोला की." अंबाजी म्हणायचा, "ते माजं न्हाय गं. ते साहेबांचं हाय."

आणि ते साहेबांचंच होतं. साहेब म्हणजे अॅडव्होकेट हर्षद. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी आयुष्यभराची सोबतीण झाली. पाय खुर्चीत, हात आपल्या मर्जीचे, मान मध्येच हिसका देणारी. बोलणं असं की नव्या माणसाला वाटावं, हा तोंडात पाणी धरून बोलतोय. डोकं मात्र असं चालायचं की समोरचा वकील तारीख मागून पळायचा. आता एवढं सगळं असताना हा वकील कसा झाला, असं लोक विचारत, आणि हर्षद तिथंच भडकायचा. "चालत्या माणसांना विचारता का, तुम्ही वकील कसे झालात म्हणून?" लोकांना ते कळायचं नाही. ते मान डोलवत, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत. एक्केचाळीस वर्षांच्या वकिलाच्या डोक्यावरून! मग तो जे बोलायचा ते अंबाजी सांगत नसे.

अंबाजीला ते बोलणं कळायला लागलं कॉलेजच्या जिन्यात. तो तिथं शिपाई होता. बारावीचे वर्ग वर, तेवीस पायऱ्या, आणि हर्षदला रोज पाठुंगळी घेऊन चढायचं काम अंबाजीचं. पाठीवरचं पोर कानाशी बोलत राहायचं. आधी नुसता आवाज, मग मधूनच एखादा शब्द, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अख्खी वाक्यं. पुढं मुंबईहून सनद घेऊन हर्षद परत आला, रिक्षा करून सरळ अंबाजीच्या दारात. "काका, नोकरी सोडा. माझ्या बाजूला उभे राहा आणि मी बोलेन ते मोठ्यानं सांगा." रंगूनं विचारलं, "काय म्हणतोय?" अंबाजीनं सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. त्याला आजवर कुणी कशासाठी असं बोलवायला आलंच नव्हतं.

अठरा वर्षं दोघं असे उभे राहिले. म्हणजे एक बसलेला, एक उभा. दाखला नाकारलेले, पेन्शन अडवलेले, बसमधून उतरवलेले, सही जुळत नाही म्हणून बँकेनं परत पाठवलेले, असे सगळे त्यांच्याकडं यायचे. हर्षद वाक्य बोलायचा, अंबाजी ते कोर्टाला द्यायचा. न्यायाधीश बदलले, टायपिस्ट बदलले, ही पद्धत तशीच राहिली. कुणी हरकत घेतली तर हर्षद म्हणायचा, "दुभाष्या चालतो ना? मग हा माझा दुभाष्या." हेही अंबाजीच सांगायचा, आणि सांगताना छाती जरा पुढं यायची.

फक्त एक खोड होती. हर्षदची जीभ तिखट. समोरच्या वकिलाला तो सरळ गाढव म्हणायचा. अंबाजी म्हणायचा, "आमचे विद्वान मित्र." हर्षदला असं हसू फुटायचं की खुर्ची हलायची. रागाचं बोलणं अंबाजी मऊ करायचा, शिव्या गिळायचा, 'कृपया' घालायचा. जिल्हाभर नाव झालं, हर्षद वकील फार नम्र माणूस. हर्षदनं ते चालू दिलं. काम होतंय ना, मग होऊ दे की! चुकलं ते इथंच, आणि दोघांचंही चुकलं.

मग जुनेराची केस आली.

जुनेरा मुरुडची, वय एकतीस. दुखणं हर्षदचंच, फक्त थोडं कमी. भिंत धरून चालायची, बोलणं तसंच जड. आई होती तोवर दोघी समुद्राकडच्या घरात सुखानं राहत होत्या. आई फेब्रुवारीत गेली. मोठा भाऊ नुरुद्दीन सव्वीस वर्षं मस्कतला होता, तो आईच्या शेवटच्या दिवसांत कायमचा परत आला होता, आणि ती गेल्यावर त्यानं कोर्टात अर्ज टाकला: बहिणीला स्वतःचं काही कळत नाही, तिचा पालक मला नेमा, मी तिला घाटावरच्या एका संस्थेत ठेवतो, तिथं सोय चांगली आहे. जुनेरा आतेबहिणीला घेऊन रिक्षातून हर्षदच्या ऑफिसात आली. "मला माझ्या घरात राहायचंय," एवढं तिनं पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा जे सांगितलं ते ऐकून अंबाजी रडला.

ते असं. आईची मय्यत घरात होती, माणसं भेटायला येत होती. जुनेरा मोठमोठ्यानं रडत होती, आणि तिचं रडणं लोकांना रडण्यासारखं वाटत नव्हतं. नुरुद्दीननं तिला मागच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. जनाजा उठला तरी कडी काढली नाही. तिनं आईचं तोंड बघितलं नाही. पुढं अकरा दिवस कुणी घरात आलं की ती कडी लागायची.

"हे कोर्टात आलं की अर्ज संपला," हर्षद म्हणाला. "जो कडी लावतो तो पालक होऊ शकत नाही."

इथं एक गोष्ट होती जी अंबाजीनं साहेबांना सांगितली नव्हती. त्याचा मुलगा विनेश तीन वर्षांपूर्वी मस्कतला नोकरीला लागला, तो नुरुद्दीनच्या शब्दावर. न्हावा-शेवाच्या गोदामात रोजंदारीवर रडतखडत चाललेलं पोर, नुरुद्दीननं एका फोनवर लावून दिलं. वर एक पैसा घेतला नाही, साधा चहासुद्धा नाही. तो सुट्टीवर गावी आला तेव्हा अंबाजी पाया पडायला गेला, तर हात धरून म्हणाला होता, "अंबाजीभाई, पोरगा माझाच समजा." असा माणूस. आता त्यालाच भर कोर्टात विचारायचं, की तू बहिणीला कोंडलंस का? सांगू, सांगू म्हणत अंबाजीनं दीड महिना घालवला. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्या दिवसापुरता दुसरा माणूस बघितला असता. पण दुसरा होता कोण? आणि खरं सांगायचं तर साहेबांच्या बाजूला दुसरा कुणी उभा राहिलेला अंबाजीला सोसला नसता.

उलटतपासाचा दिवस उजाडला. नुरुद्दीन पिंजऱ्यात, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, चेहरा उतरलेला. जुनेरा मागच्या बाकाशेजारी, कोर्टापुरत्या आणलेल्या चाकाच्या खुर्चीत. हर्षदनं साधे पाच-सहा प्रश्न विचारले, अंबाजीनं जसेच्या तसे पुढं दिले. नुरुद्दीननं मध्येच अंबाजीकडं बघून ओळखीचं हसू दिलं.

मग हर्षद म्हणाला, "आईची मय्यत घरात असताना तुम्ही जुनेराला मागच्या खोलीत बाहेरून कडी लावून कोंडलंत, आणि तिला आईचं तोंडही बघू दिलं नाहीत. हे खरं की नाही?"

अंबाजीनं ओठ ओले केले. "आई वारली त्या दिवशी," तो म्हणाला, "जुनेरा मागच्या खोलीत होती, हे खरं ना?"

"हो," नुरुद्दीन म्हणाला. "तिथंच होती. आरामात होती."

टायपिस्टनं टकटक ते उतरवून घेतलं.

हर्षदची मान गर्रकन वळली. "मी हे विचारलं नाही! काका, हे काय बोललात? नीट सांगा!" राग आला की त्याचं अंग त्याचं राहत नसे. हात आखडले, पाय ताठले, लॅपटॉप मांडीवरून खाली आपटला. मागून जुनेरा ओरडायला लागली, "खोटं आहे! वकील काय म्हणाले ते सांग! कडी सांग, कडी!" शिपाई तिला शू शू करत धावला. भरल्या कोर्टात दोन माणसं जीव तोडून खरं ओरडत होती आणि ते कळणारा अंबाजी एकटा होता. बाकीच्यांना दिसत होता तो नुसता गोंधळ. कोपऱ्यातली एक बाई तर "अरेरे" म्हणाली.

न्यायाधीश मॅडम पुढं वाकल्या. "वकीलसाहेब काय म्हणतायत?"

एक वाक्य. तेवढं सांगितलं असतं तरी निभावलं असतं.

"साहेब म्हणतात," तो म्हणाला, "आणखी काही विचारायचं नाही."

मॅडमना हर्षदची दया आली. त्यांनी अगदी मायेनं सांगितलं, त्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या, त्रास होतोय त्यांना. तीन वाजता आदेश देते. आणि अंबाजीनं, त्याच अंबाजीनं, साहेबांची खुर्ची ढकलत बाहेर नेली.

व्हरांड्याच्या टोकाला, नारळाखाली, हर्षदचं अंग सैल व्हायला वीस मिनिटं लागली. तोवर अंबाजी त्याचे हात चोळत बसला, नेहमीसारखे. हर्षदनं काढून घेतले नाहीत. ते त्याच्या हातात नव्हतंच.

"का?" हर्षदनं विचारलं.

अंबाजीनं सांगितलं. विनेश, मस्कत, तो फोन, ते 'पोरगा माझाच समजा'. सांगताना त्याचं त्यालाच ते एवढंसं वाटायला लागलं.

"मला घरी सांगायचं होतंत," हर्षद म्हणाला. "मी शिव्या दिल्या असत्या आणि काहीतरी मार्ग काढला असता." मग त्यानं कोर्टाच्या दाराकडं मान वळवली. "त्या बाईंनी मला हवा खायला पाठवलं, काका. अठरा वर्षं मी त्या खोलीत कायदा बोलतोय. आज मला हवा खायला पाठवलं."

अंबाजी ढसाढसा रडला. येणारे-जाणारे बघत होते. त्यांना वाटलं, केस हरली.

"रडणं पुरे," हर्षद म्हणाला. "तीन वाजता तिचं घर जाणार. मी टाइप करून देऊ शकतो, पण समोरचे म्हणतील, उत्तर आवडलं नाही म्हणून आता खोडतोय. ज्यानं प्रश्न बदलला त्यानंच सांगायला पाहिजे."

"सांगतो. पन साहेब, मग म्होरं माज्या बोलन्यावर कोन विश्वास ठेवंल?"

"कुणी नाही."

"मग तुमचं कसं व्हायचं?"

हर्षदनं डोळे मिटले. "माझं वाईट होईल. चला, पावणेतीन झाले."

तीन वाजता मॅडम बसल्या. अंबाजी पुढं गेला. आज साहेबांनी वाक्य दिलं नव्हतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याला कोर्टात स्वतःचं बोलायचं होतं, आणि ती सगळी भारदस्त भाषा कुठल्या कुठं पळाली.

"मॅडम, म्या चूक केली. साहेबांनी दुसरंच इचारलं व्हतं. कडी लावून बहिनीला कोंडली का, आईचं तोंड बगू दिलं न्हाय का, असं इचारलं व्हतं. म्या ते गिळलं. आनि 'काही विचारायचं नाही', ते बी साहेब म्हनाले नव्हते. ते माजं. साक्षीदाराचे माज्यावर उपकार हायेत, म्हनून."

समोरचे वकील ताडकन उठले. ते काय काय म्हणाले ते सगळं सांगण्यात अर्थ नाही; आजवरच्या सगळ्या साक्षी संशयास्पद, हा न्यायालयाशी खेळ, वगैरे. वकील आहेत, त्यांचं कामच ते. मॅडमनी त्यांना खाली बसवलं आणि चष्मा काढून अंबाजीकडं बघितलं.

"याआधी किती वेळा असं केलंय?"

"प्रश्न कदी बदलला न्हवता, मॅडम. आईची शपथ. शिव्या गाळल्यात. राग असला तर कमी करून सांगितलाय."

"म्हणजे वकीलसाहेब प्रत्यक्षात काय बोलतात, ते आम्ही कधी पूर्ण ऐकलंच नाही."

हर्षदनं मान खाली घातली होती, किंवा ती पडली होती.

मॅडमनी तो प्रश्न लेखी मागितला. हर्षदनं लॅपटॉपवर एका बोटाच्या पेरानं अक्षर-अक्षर दाबून तो दिला, नऊ मिनिटं लागली, आणि सगळं कोर्ट नऊ मिनिटं थांबलं. कारकुनानं वाचून दाखवला. नुरुद्दीननं पिंजऱ्याचा कठडा धरला. "हो," तो म्हणाला. "लावली कडी. लोक तिच्याकडं बघत होते, अम्मीकडं कोणी बघतच नव्हतं. मला शरम वाटली. खुदा माफ करो, मला माझ्या बहिणीची शरम वाटली." आणि तो पन्नाशीतला माणूस सगळ्यांसमोर हमसून रडला.

अर्ज फेटाळला. जुनेरा तिच्या घरात राहणार, आतेबहीण सोबतीला येणार, भावानं खर्च द्यायचा. आणि शेवटच्या परिच्छेदात, अंबाजीला यापुढं कोणत्याही कामात अॅडव्होकेट हर्षद यांच्या वतीनं बोलता येणार नाही. मॅडमनी ते वाचताना आवाज खाली आणला होता. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. कुणाचं चुकलं म्हणावं तर बोट फिरून फिरून अंबाजीकडंच यायचं.

बाहेर आल्यावर जुनेरानं खुर्ची थांबवायला लावली. तिला आनंद झाला होता, गालावर दिसत होता. पण अंबाजीला ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही रडला होतात." आतेबहिणीनं विचारलं, काय म्हणते? अंबाजीला ते सांगता आलं नाही.

नुरुद्दीन फाटकापाशी भेटला. अंबाजीनं मान वर केली नाही. "अंबाजीभाई," तो म्हणाला, "मी विनेशचं नाव तरी काढलं होतं का कधी? मी कुठं काय मागितलं होतं तुमच्याकडं?" एवढं बोलून तो एस.टी. स्टँडकडं चालायला लागला. अंबाजीला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

विनेशची नोकरी तशीच राहिली. कुणी धक्कासुद्धा लावला नाही.

हर्षदनं अंबाजीला काढलं नाही. रंगू म्हणाली, देवमाणूस. अंबाजी तिच्यावर खेकसला, "त्यांना देवमाणूस म्हनलेलं आवडत न्हाय." खुर्ची ढकलणं, फायली बांधणं, जेवताना घास भरवणं सगळं चालू होतं. बोलायला रुचिका नावाची नवी वकील मुलगी आली. चांगली, हुशार, मन लावून करणारी. ती लॅपटॉपवरचं वाचून दाखवायची. पण साहेबांचं एक वाक्य टाइप होईतो समोरचा दहा बोलून बसायचा. उलटतपासाची धारच गेली. त्याच क्षणी तोंडी येणारा प्रश्न साक्षीदाराला पेचात धरतो. नऊ मिनिटांनी आलेल्या प्रश्नाला तो उत्तर रचून ठेवतो. हळूहळू पक्षकार कमी झाले. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. रुचिका साहेबांचं बोलणं शिकायचा प्रयत्न करत होती, पण ते काय पुस्तकातून येतं? तिला जिना नव्हता मिळाला.

घरी, गाडीत, ऑफिसात हर्षद अंबाजीशी पूर्वीसारखाच बोलायचा. शिव्याही द्यायचा. फक्त कोर्टाच्या फाटकातून आत शिरलं की गप्प व्हायचा, आणि ते अंबाजीला सगळ्यात जास्त टोचायचं.

मार्गशीर्षातली गोष्ट. तालुक्याच्या एका कार्यालयात खुर्ची आत जाईल एवढं दारच नाही, म्हणून पाय गेलेल्या एका मीठकामगारानं केलेली केस. नवे न्यायाधीश आले होते, हर्षदला न ओळखणारे. रुचिका तापानं आजारी. पुकारा झाला, हर्षदनं लॅपटॉप उघडला, आणि तो चालूच होईना. दोनदा, तीनदा. अंबाजी दाराशी उभा होता, आत जायची त्याला मनाई नव्हती, बोलायची होती.

शेवटी हर्षदनं लॅपटॉप बाजूला सारला आणि मान वर करून स्वतः बोलला.

न्यायाधीशांनी टायपिस्टकडं बघितलं, टायपिस्टनं शिपायाकडं. "पुन्हा सांगता का, वकीलसाहेब?" हर्षद पुन्हा बोलला. या वेळी शब्द-शब्द तोडून, सगळी ताकद लावून, कपाळाच्या शिरा तट्ट फुगवून. समोरच्या बाकावरचे दोन पोरगेले वकील खाली बघत राहिले. मीठकामगार आशेनं सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता.

"यांचं बोलणं कुणाला कळतं का इथं?" न्यायाधीशांनी सगळ्या कोर्टाला विचारलं.

माना दाराकडं वळल्या. सगळ्यांना माहीत होतं. हर्षदनंही वळून बघितलं. अंबाजीनं चौकट घट्ट धरली, जीभ दातांखाली दाबली. जुन्या शिरस्तेदारानं उठून न्यायाधीशांच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुधा तो आदेश. न्यायाधीशांनी मान हलवली.

"ठीक आहे. त्यांना बरं वाटत नसेल तर पुढची तारीख घेऊ," ते म्हणाले. टायपिस्टनं तारीख घातली, अडीच महिन्यांनंतरची.

बरं वाटत नसायला काय झालं होतं? साहेब दोन्ही वेळा एवढंच म्हणाले होते, "थोडं थांबा, मी सावकाश सांगतो." अंबाजीला ते पहिल्याच वेळी कळलं होतं. पुढचा पुकारा झाला तेव्हा तो आत गेला आणि साहेबांची खुर्ची वळवून बाहेर घेऊन आला.